जुन्या सहा सिलिंडर ट्रकची ओढ आणि अ‍ॅव्हरेज: इंजिन आमच्याकडे सोडण्याआधी मालकांनी वाचावं

मालक मंडळींना नमस्कार.

आमच्या गॅरेजच्या दारात जुना ट्रक येऊन थांबला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी ओढत नाही, पंप जरा वाढवून द्या." दुसरंही ठरलेलं असतं, "पण अ‍ॅव्हरेज पडता कामा नये." दोन्ही मागण्या रास्त आहेत. पंप वाढवणं, म्हणजे डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनात जादा डिझेल सोडणं, हा मात्र त्यावरचा इलाज नाही आणि ते काम आम्ही घेतही नाही. का घेत नाही आणि त्याऐवजी काय करतो, हे दरवेळी उभ्याउभ्या सांगण्यापेक्षा छापून हातात द्यावं, म्हणून हा कागद.

नंबर वाचा, इंजिन कळेल

हे पत्रक टाटाच्या जुन्या ६९२ आणि ६९७ इंजिनांसाठी आहे. टँकर, टिपर, उसाच्या गाड्यांत ही इंजिनं अजून रोज राबतायत. इंजिनाचं माप त्याच्या नंबरातच आहे. पहिला आकडा सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ चा बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, १२०, एकूण ४७८८ सीसी. ६९७ ला ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक, ५६७५ सीसी. छोट्या ४०७ मधलं ४९७ त्याच हिशेबात, फक्त सिलिंडर चार. टेल्कोनं, म्हणजे टाटांच्या ट्रक कंपनीनं, १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली, तो करार १५ वर्षं चालला. म्हातारे ड्रायव्हर अजून "मर्सिडीज" म्हणतात ते उगीच नाही.

दोन्ही इंजिनांत स्ट्रोक बोअरपेक्षा मोठा आहे. ही इंजिनं पळायला नाही, कमी फेऱ्यांत, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी वेळा फिरत असताना, ओढायला बनवलीत. तुमची गाडी हजार-बाराशेच्या फेऱ्यांवर गुदमरत असेल, तर तो इंजिनाचा स्वभाव नव्हे, कुठंतरी दुखणं आहे.

अर्धा थेंब

एक हिशेब मांडतो. ६९७ इंजिन दोन हजार फेऱ्यांवर चालू आहे. फोर-स्ट्रोक, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा पेटणारं, असल्यामुळे प्रत्येक सिलिंडर मिनिटाला हजार वेळा पेटतो. सहा सिलिंडर मिळून सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर. गाडी तासाला ४० किलोमीटर जाते आणि लिटरला ४ देते असं धरा. तासाला १० लिटर डिझेल झालं. भागाकार केला की एका वेळेस सिलिंडरात पडणारं डिझेल येतं ०.०३ मिलिलिटरच्याही आत. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्ध्या थेंबावर तुमचा भरलेला ट्रक घाट चढतो.

हा अर्धा थेंब नोझलच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या, बारीक भोकांतून धुक्यासारखा उडाला पाहिजे, नेमक्या वेळेला उडाला पाहिजे आणि त्याला पुरेशी, घट्ट दाबलेली, तापलेली हवा मिळाली पाहिजे. तिन्ही जमलं की तोच थेंब ओढही देतो आणि अ‍ॅव्हरेजही. एक जरी चुकलं तरी दोन्ही जातात. अशा वेळी पंपाचा स्क्रू वाढवला तर अर्ध्याचा पाऊण थेंब होतो. जो अर्धा नीट जळत नव्हता, त्यात आणखी भर. जादा डिझेल काळा धूर होऊन सायलेन्सरमधून जातं, पिस्टनचं डोकं भाजतं आणि लायनरवरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवरचं, ऑइल धुऊन निघतं. पहिले आठ दिवस गाडी ओढल्यासारखी वाटते, हे खरं आहे. त्या आठ दिवसांवरच पुष्कळांचा धंदा चालतो.

चिऱ्याच्या गाडीची गोष्ट

कोकणातून चिरा (जांभा दगड) भरून फोंडा घाटानं वर येणारी एक ६९७ ची गाडी आमच्याकडे आली. तक्रार अशी, की घाटात जिथं तिसऱ्या गिअरात निघायची तिथं आता दुसरा टाकावा लागतो. मालकाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, बसवून हवा होता. पैसे घेऊनच आला होता.

आम्ही आधी एअर क्लीनर उघडला. जुन्या पद्धतीचा, ऑइल बाथचा. खालच्या वाटीत ऑइल नव्हतंच, लाल चिखल होता. बोट घातलं तर पेरभर बुडालं. चिऱ्याच्या खाणीतली धूळ महिनोन्‌महिने बसत गेली होती. दोन हजार फेऱ्यांवर या इंजिनाला मिनिटाला सुमारे पाच हजार लिटर हवा लागते. ती या चिखलातून येणार कशी?

मग सहाही नोझल काढून टेस्टरवर लावले. चार बरे होते. एक दाब यायच्या आतच टपटपत होता आणि एक पिचकारी मारावी तशी एकाच बाजूला धार सोडत होता. टायमिंग, म्हणजे डिझेल उडायची वेळ, मागे पडलं होतं. शेवटी इंजिनाचं तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटच्या जागी हात घातला तर आत काहीच नाही. कधीतरी गाडी गरम झाली म्हणून कुणीतरी तो काढून टाकला होता. हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो आणि सर्रास चुकीचा आहे. गाडी गरम होते ती बहुतेक वेळा रेडिएटर चोंदल्यामुळे किंवा फॅनबेल्ट सैल झाल्यामुळे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन कायम थंड राहतं, डिझेल पुरतं जळत नाही आणि लायनर लवकर झिजतात.

टर्बो बसवला नाही. क्लीनर धुऊन नवं ऑइल घातलं, दोन नोझल बदलले, बाकीचे सेट केले, टायमिंग बांधलं, रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट बसवला. आता त्या वळणावर गाडी तिसऱ्यात निघते, असं ड्रायव्हर सांगतो. अ‍ॅव्हरेज किती वाढलं ते मालकानं सांगितलं, पण त्याची वही आम्ही पाहिलेली नाही, म्हणून आकडा इथं छापत नाही.

आम्ही तपासतो ते असं

गाडी आली की आधी धूर बघतो. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा पाणी आत जातंय. मग चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढतो. तिथून भसाभसा वाफारा येत असेल तर रिंगा आणि लायनर गेलेत; मग नोझल-पंपावर पैसे घालण्यात अर्थ नाही, आधी इंजिन बांधावं लागेल. वाफारा मामुली असेल तर कॉम्प्रेशन मोजतो, सहाही सिलिंडरचं, आणि आकडे तुम्हाला लिहून देतो. सगळे सारखेच थोडे उतरलेले असतील तर ते वय. एखादाच पडला असेल तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

टायमिंगचं काम बघायला मालकांनी थांबावं अशी आमची इच्छा असते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. पंपात दर सिलिंडरला डिझेल देणारा एकेक एलिमेंट असतो; त्यातल्या पहिल्या एलिमेंटवरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढतो आणि तिथं वाकडी नळी लावतो. इंजिन हातानं हळू फिरवायचं. नळीतून आधी धार पडते, धारेचे थेंब होतात आणि एका क्षणी थेंब अडतो. तिथं थांबायचं आणि खूण बघायची. थेंब खुणेच्या पुढं अडला तर टायमिंग मागं आहे. गाडी ओढत नाही, पांढरं धुरकटते. अलीकडं अडला तर इंजिन ठोकतं. आमच्याच हातून एकदा पंपाचं कपलिंग चुकीच्या खुणेवर बसलं होतं. गाडी कागलपर्यंत पांढरा धूर सोडत गेली आणि ड्रायव्हरनं तिथून फोनवर जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. तेव्हापासून टायमिंग एकानं बांधायचं आणि दुसऱ्यानं तपासायचं, असा नियम आहे.

पंप उतरवायची वेळ आली तर तो कॅलिब्रेशनच्या बेंचवरच जातो. सहाही एलिमेंटनी सारखं डिझेल दिलं पाहिजे. एक जास्त, एक कमी असेल तर इंजिन थरथरतं आणि सहातले दोन बाकीच्या चौघांना ओढत बसतात. पंपातल्या प्लंजरला वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. त्यात रॉकेल किंवा रस्त्याकडेचं स्वस्त "बायो" मिसळून वाचवलेले पैसे नव्या एलिमेंटात जातात.

इंजिन बांधायचं झालं तर

रिंगा बदलून, व्हॉल्व्ह घासून भागवायचं, की लायनर-पिस्टन-क्रँकसह पूर्ण बांधायचं, हे माप घेतल्यावर ठरतं, अंदाजानं नाही. झिजलेल्या लायनरमध्ये नव्या रिंगा घातल्या तर चार महिन्यांत पुन्हा तिथंच. क्रँक ग्राइंडिंग करताना आधीचं माप बघतो. त्याच्या वाट्याची ग्राइंडिंगं संपली असतील तर दुसरा शोधावा लागतो.

हेडच्या फेसिंगबद्दल, म्हणजे त्याचा तळ कापून सपाट करण्याबद्दल, एक विनंती. "कॉम्प्रेशन वाढेल, दोन कट जास्त मारा," असं कुणी शिकवून पाठवलं असेल तर विसरा. कंबश्चनची वाटी या इंजिनात पिस्टनच्या डोक्यात असते, हेड सपाट; म्हणून हेड कापून कॉम्प्रेशन फारसं वाढत नाही. हेड खाली आलं की व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात, आणि घाटात उतरताना इंजिन जोरात फिरलं की भेट होते.

बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर निम्म्या लोडवर चालवा. पण नुसतं उभ्या जागी घरघरत ठेवू नका. रिंगा बसायला थोडा भार लागतो. हजारला ऑइल बदलायला आणि टॅपेट बघायला आमच्याकडेच या, त्याची मजुरी घेत नाही.

टर्बो आणि क्राऊन

६९७ मध्ये कंपनीनंच टर्बोचं इंजिन काढलं होतं, त्यामुळे टर्बो वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. पण भंगारातला टर्बो आणून साध्या इंजिनावर चढवणं वेगळं. जादा हवेबरोबर जादा डिझेल जातं, उष्णता वाढते. ती सोसणारे पिस्टन, टर्बोला ऑइलची वेगळी लाइन, बेंचवर नव्यानं बांधलेला पंप, हे सगळं लागतं. ते सगळं करायला निघालात तर खर्चात दुसरं इंजिन येतं.

ओढीसाठी कधीकधी इंजिनाला हात लावावाच लागत नाही. मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमधला क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी गिअरची जोडी, बघा. ४१ दातांचा क्राऊन आणि ६ दातांचा पिनियन असेल तर रेशो ६.८३. पिनियन ७ दातांचा असेल तर ५.८६. त्याच वेगाला दुसऱ्या रेशोत इंजिन सुमारे १४ टक्के कमी फिरतं, सपाटीवर डिझेल वाचतं; पण चाकावरची ओढही तेवढीच कमी होते. घाटातल्या गाडीला पहिला बरा, हायवेच्या गाडीला दुसरा. दोन्हीकडे चालणारा मालक आला की आम्हीही डोकं खाजवतो.

आणि ब्रेक? मागचं एक चाक जॅक लावून हातानं फिरवून बघा. घासत असेल तर तुमचं डिझेल लायनिंग तापवण्यात जातंय.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. ब्लॉक किंवा पूर्ण इंजिन बदललं तर नंबर बदलतो, आणि आरटीओची मंजुरी व नोंद लागते. त्याशिवाय आम्ही ब्लॉक बदलत नाही. जुन्या, म्हणजे भारत स्टेज ४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना पीयूसीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराचा दाटपणा मोजायचं माप) आहे. इंजिन निरोगी असेल तर त्यात बसायला अडचण येत नाही. पंपाचा स्क्रू वाढवलेली गाडी मात्र तिथंच अडकते.

येताना

अ‍ॅव्हरेज आधी स्वतः काढून आणा. टाकी गळ्यापर्यंत भरा, फेरी करा, त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरा. भरलेली फेरी आणि रिकामी फेरी वेगळी लिहा. काम झाल्यावर त्याच रस्त्यानं, तेवढ्याच मालानं पुन्हा मोजा; आमच्या तोंडी हमीपेक्षा ती वही जास्त उपयोगाची. ड्रायव्हरला सोबत आणा. गाडी कुठल्या वळणावर दमते ते त्यालाच माहीत असतं, मालकाला फक्त बिल माहीत असतं.

खर्चाचा अंदाज इंजिन उघडल्यावर लेखी देतो, तुमच्या सहीशिवाय पुढचा नट खोलत नाही. काढलेले सगळे पार्ट पोत्यात भरून परत मिळतील. सोमवारी बंद.

गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावलीत तर उत्तम. सकाळी पहिला सेल्फ आम्हाला मारू द्या. गार इंजिन सुरू होताना किती वेळ घेतं, कुठल्या रंगाचा धूर टाकतं, यावरून निम्मं दुखणं कळतं. वाटेत गरम करून आणलेल्या गाडीत ते दिसत नाही.