वापरकर्ता खाते, घरगुती सर्व्हरवरील

घरात सतत चालू असलेल्या आणि कुटुंबातील अनेकांना एकाच वेळी फाइली, छायाचित्रे वा इतर सेवा पुरवणाऱ्या संगणकावर प्रत्येक व्यक्तीची व प्रत्येक सेवेची स्वतंत्र ओळख ठेवणाऱ्या नोंदीला वापरकर्ता खाते म्हणतात. त्या ओळखीची खातरजमा करून घेण्याच्या क्रियेला लॉगिन म्हणतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः लिनक्स या संगणकप्रणालीवर, त्यातही तिचा डेबियन हा प्रकार व त्याच्यापासून निघालेल्या प्रणालींवर आधारलेली आहे.

लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, माणसाचे नाव ठाऊक नसते; त्याला ठाऊक असतो तो फक्त एक क्रमांक. फाइलीची मालकी याच क्रमांकाने लिहिली जाते आणि नाव हे केवळ माणसाच्या सोयीसाठी त्या क्रमांकाला चिकटवलेले असते. ० हा क्रमांक रूट या सर्वाधिकारी खात्याचा आहे. डेबियनवर माणसांची खाती १००० पासून सुरू होतात आणि त्याखालचे क्रमांक प्रणालीच्या सेवांसाठी राखलेले असतात; उदाहरणार्थ, वेब सर्व्हर ३३ या क्रमांकाखाली चालतो. घरगुती सर्व्हरवरील बहुतेक अडचणींचे मूळ पासवर्डात नसून या क्रमांकांच्या घोळात असते, असे नोंदलेखकाचे मत आहे.

संगणकावर पासवर्ड प्रथम कोठे वापरला गेला, याविषयी एकमत नाही. सर्वसाधारणपणे हा मान अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सीटीएसएस प्रणालीला दिला जातो. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या प्रणालीचे प्रात्यक्षिक नोव्हेंबर १९६१ मध्ये झाले. एकच यंत्र अनेकांत वाटून द्यायचे, तर कोणाच्या वाट्याचा वेळ कोणी वापरला आणि कोणाच्या फाइली कोणत्या, हे ठरवणे भाग होते. आयबीएमच्या सेबर या विमान आरक्षण प्रणालीत, जिची उभारणी त्याच सुमारास चालू होती, असा काही संकेत असावा, असेही सुचवले गेले आहे. खुद्द कॉर्बाटो यांनीही याला आधीचे काही नमुने असावेत असे म्हटले होते. उपलब्ध माहितीवरून सीटीएसएसचा पक्ष अधिक भक्कम वाटतो. पासवर्ड चोरीची पहिली ज्ञात घटनाही तिथलीच आहे. १९६२ च्या सुमारास ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, आपल्याला मिळणारा यंत्रवेळ अपुरा पडतो म्हणून, पासवर्डांची संपूर्ण फाइल छापून घेतली होती.

फाइल हाती लागली तरी पासवर्ड उघड होऊ नयेत, यावरचा उपाय युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बेतली आहे त्या जुन्या प्रणालीत, रूढ झाला. रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याची मीमांसा आहे. मूळ पासवर्ड न साठवता त्यावर उलट न फिरवता येणारी गणिती प्रक्रिया करून फक्त तिचे फलित साठवायचे, आणि त्या प्रक्रियेत १२ बिटांचा एक यादृच्छिक अंश, म्हणजे सॉल्ट, मिसळायचा. यामुळे एकाच पासवर्डाची ४,०९६ निरनिराळी फलिते संभवतात आणि संभाव्य पासवर्डांची फलिते आधीच काढून ठेवलेल्या याद्यांची बाडे निरुपयोगी ठरू लागतात. त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डांपैकी सुमारे ८६ टक्के फार आखूड वा शब्दकोशात सापडणारे, म्हणजे सहज हुडकता येण्याजोगे होते. ही फलिते आरंभी सर्वांना वाचता येणाऱ्या पासवर्ड-फाइलीतच असत. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती केवळ रूटला वाचता येणाऱ्या ‘शॅडो’ फाइलीत हलवण्यात आली. आजही जुन्या फाइलीत प्रत्येक खात्याची एक ओळ असते आणि अपूर्णविरामांनी तिचे सात रकाने पाडलेले असतात: नाव, पासवर्डाच्या जागी केवळ एक्स हे अक्षर, खाते क्रमांक, गट क्रमांक, पूर्ण नाव, गृहनिर्देशिका (त्या व्यक्तीच्या फाइलींचा स्वतःचा फोल्डर) आणि शेल (लॉगिननंतर आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम). पाचव्या रकान्याला अद्याप ‘गेकॉस’ म्हणतात. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स यंत्रे छपाईची कामे जनरल इलेक्ट्रिकच्या ज्या यंत्रप्रणालीकडे पाठवत, तिच्यासाठीची माहिती येथे असे.

मराठीत ‘परवलीचा शब्द’ हा पहाऱ्याच्या व्यवहारातील जुना प्रयोग व ‘संकेतशब्द’ हा नवा पर्याय, असे दोन्ही शब्द वापरात आहेत. बोलण्यात मात्र पासवर्ड रुळला असल्याने येथे तोच घेतला आहे. डेबियनवर खात्याचे नाव मूळ मांडणीप्रमाणे रोमन लिपीतच द्यावे लागते. पूर्ण नावाच्या रकान्यात देवनागरी चालते.

नवे खाते उघडण्यासाठी ‘ॲडयूजर’ ही आज्ञा वापरतात. ‘यूजरॲड’ ही मूळ, खालच्या पातळीवरील आज्ञा असून तिला आपण होऊन पासवर्ड विचारण्याची सवय नाही. रूट म्हणून थेट लॉगिन न करता सुडो, म्हणजे एखादी आज्ञा रूटच्या अधिकाराने चालवू देणारी सोय, वापरावी, हा प्रघात योग्यच आहे. सामाईक छायाचित्रांसाठी कुटुंबाचा एक गट करून निर्देशिकेवर ‘सेटजीआयडी’ बिट, म्हणजे गट वारशाने देणारी खूण, लावतात. तिथे तयार होणारी प्रत्येक फाइल मग त्या गटाची होते. तेवढ्याने भागत नाही. यूमास्क, म्हणजे नव्या फाइलीवर कोणते अधिकार नाकारायचे ते ठरवणारा आकडा, ०२२ असल्यास आईने ठेवलेली फाइल मुलाला वाचता येते, पण बदलता येत नाही, म्हणून तो ००२ करावा लागतो.

साम्बा या प्रोग्रामद्वारे विंडोज संगणकांना फाइली द्यायच्या असल्यास त्याच व्यक्तीचा दुसरा पासवर्ड वेगळ्या आज्ञेने नोंदवावा लागतो. विंडोजची फलित काढण्याची रीत निराळी असून एका फलितावरून दुसरे काढता येत नाही. त्यामुळे लिनक्सवरचा पासवर्ड बदलला तरी साम्बाचा जुनाच राहतो. एनएफएस या, लिनक्स संगणकांत आपापसांत फाइली वाटून घेण्याच्या पद्धतीच्या नेहमीच्या मांडणीत तर पासवर्डच नसतो, आणि समोरचा संगणक जो क्रमांक सांगेल तो सर्व्हर खरा मानतो. मुलाच्या लॅपटॉपवर त्याचे खाते १००० आणि सर्व्हरवर १००० हे आईचे असेल, तर मुलाने ठेवलेली प्रत्येक फाइल सर्व्हरवर आईच्या नावे दिसते, आणि आईच्या खाजगी फाइलीही त्याला उघडता येतात. दोन्हीकडचे क्रमांक पहिल्याच दिवशी जुळवून घेणे हाच त्यावरील साधा इलाज आहे.

दूरस्थ लॉगिनसाठी एसएसएच वापरतात. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातील टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ते तयार केले. आज ओपनएसएसएच ही आवृत्ती सर्वत्र आढळते. तिच्यात पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते: खाजगी किल्ली लॅपटॉपवर राहते आणि जाहीर किल्ली सर्व्हरवरील गृहनिर्देशिकेत ठेवतात. ती निर्देशिका इतरांना लिहिण्यास खुली असेल, तर सर्व्हर किल्ली नाकारून पुन्हा पासवर्ड मागतो आणि नवख्या माणसाला कारण उमगत नाही. कारखान्यातून ठरून येणारे पासवर्ड हा जुना धोका आहे; रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या रास्पबेरी पाय ओएस प्रणालीतील ‘पाय’ हे सर्वज्ञात खाते एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकण्यात आले.

खाते पुसल्यावर त्याच्या गृहनिर्देशिकेबाहेरील फाइली आपोआप जात नाहीत. त्यांवर नावाऐवजी नुसता क्रमांक दिसू लागतो, आणि पुढे तोच क्रमांक नव्या खात्याला मिळाल्यास त्या सर्व फाइली त्या नव्या व्यक्तीच्या होतात. म्हणून घर सोडून गेलेल्याचे खाते पुसण्यापेक्षा कुलूपबंद करणे अधिक सुरक्षित असते. मात्र कुलूप फक्त पासवर्डाला लागते, एसएसएचची किल्ली निराळी काढावी लागते.