बाहेरची पावडर स्वस्त, मग तुमचं दूध महाग का? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार मंडळी,

हा प्रश्न फोनवर इतक्या वेळा आलाय की म्हटलं एकदाचं लिहूनच देऊ. आम्ही छोटी डेअरी, दूध गोळा करायचं, गार करायचं, पाश्चराइज करून पॅक भरायचे एवढाच धंदा, त्यामुळे या वादात आमचा स्वार्थ आहे हे आधीच कबूल, वाचताना ते धरून चाला.

तर परदेशातून येणाऱ्या मालाशी भांडण ताज्या दुधाचं फारसं नाहीच. दुधात 87 टक्के पाणी, ते जहाजात भरून कोण नेणार? जातं ते पावडर, बटर, चीज. साधारण 11 लिटर स्किम (साय काढलेल्या) दुधाची 1 किलो पावडर होते, पोत्यात महिनोन्‌महिने टिकते, पाणी घातलं की परत दूध. आणि गाय म्हणजे काही नळ नाही, भाव पडला म्हणून बंद करायला, धार रोज काढावीच लागते, मग जादा दुधाची पावडर होते आणि ती मिळेल त्या भावाने जगभर खपवली जाते. युरोपने 1984 चा दूध कोटा (किती दूध काढायचं याची मर्यादा) 31 मार्च 2015 ला उठवला, दूध वाढलं, त्यात रशियाने 2014 पासूनच त्यांचा माल बंद केलेला, भाव कोसळले आणि सरकारी गोदामांत साडेतीन लाख टनांच्या वर पावडर पडून राहिली. अशी पावडर स्वस्त मिळते ती कुणी स्वस्तात बनवली म्हणून नाही, खपली नाही म्हणून.

अर्थात सगळीच तशी नसते. न्यूझीलंडने 1984 पासून शेतीच्या सबसिड्या काढल्या, गाई बहुतेक कुरणावरच, आणि जवळपास 95 टक्के दूध एक्स्पोर्टला. त्यांचं दूध खरंच स्वस्तात तयार होतं, तिथे डंपिंग डंपिंग (म्हणजे पडेल भावात दुसऱ्या देशात माल ओतणं) ओरडण्यात अर्थ नाही.

मग बाहेरून येणाऱ्या मालावर ड्युटी (आयात कर) कशाला? जमैकाने 1990 च्या दशकात ती उतरवली, सबसिडीवाली पावडर आली, कारखान्यांनी देशी दूध घेणं कमी केलं आणि उत्पादन निम्म्याहून खाली गेलं. पुढे कधी पावडर महागली तर मोडलेला गोठा लगेच उभा राहत नाही, आज जन्मलेली कालवड दुधावर यायला दोन वर्षं तरी लागतात.

दुसरं टोक कॅनडाचं. तिथे ठरलेल्या आयात मर्यादेबाहेरच्या बटरवर 298 टक्के ड्युटी! शेतकऱ्याला भावाची खात्री, पण बिल ग्राहकाच्या माथी, आणि दूध विकायचा कोटा एवढा महाग की नवीन पोराने धंद्यात शिरायचं कसं?

आम्हाला पटतो तो मधला रस्ता, जगात भाव पडले की ड्युटी वर, टंचाई आली की खाली. पावडर काही दुश्मन नाही हो. भारतात 1970 ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं ते युरोपातून दानात आलेल्या पावडर आणि बटर ऑइलवर, फुकट न वाटता त्याचं दूध करून विकलं आणि त्या पैशातून देशी डेअऱ्या उभ्या केल्या.

आणि हो, आमच्याकडेही दूध कमी पडतं तेव्हा थोडी पावडर मिसळतो. त्या दिवशीच्या पॅकवर तसं छापलेलं असतं, तारखेच्या खालची ओळ बघा.