टाकीत पावडर भरली तर गॅस कमी मावतो?

टाकीत पावडर ठासली तर गॅसला जागा कुठली उरणार? पुण्यात पाषाणला ‘आयसर’ या विज्ञान संस्थेत ‘एमओएफ’ नावाच्या सच्छिद्र पदार्थांवर संशोधन चालतं आणि त्यांची पावडर टाकीत भरली तर जास्त गॅस मावतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. पोत्यात आधीच भुसा भरला तर गहू कमीच मावणार, असा साधा हिशोब. गव्हाला तो लागू आहे, गॅसला नाही.

रिकाम्या टाकीत मिथेनचे, म्हणजे सीएनजीतल्या मुख्य गॅसचे, रेणू सैरावैरा धावतात; त्यांना कोंबायला रिक्षाच्या सीएनजी टाकीत 200 बारच्या आसपास (हवेच्या दाबाच्या जवळपास 200 पट) दाब लागतो. एमओएफ म्हणजे धातूचे अणू आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू यांची जाळी. छिद्रं जेमतेम नॅनोमीटरभर, पण काही एमओएफच्या एका ग्रॅममधल्या भिंती उलगडल्या तर 7000 चौरस मीटर भरतात! या भिंतींना रेणू चिकटून दाटीवाटीनं बसतात. म्हणून 35 बारला चांगला एमओएफ भरलेल्या टाकीत रिकामीपेक्षा कितीतरी जास्त मिथेन मावतो.

दाब फार वाढवला की फायदा आटतो, मग पावडर खरंच जागा अडवते. म्हणजे शंका अगदीच वेडगळ नव्हती. हायड्रोजन तर या भिंतींना जेमतेमच चिकटतो. बरा साठा हवा तर उणे 196 अंशांपर्यंत थंड करावं लागतं.