माळढोक नक्की कुणाच्या भावकीतला? थोडी पार्श्वभूमी

सोलापूरकरांना माळढोक पक्षी सांगायला नको, बार्शी रोडला नान्नजचं अभयारण्य १९७९ पासून त्याच्यासाठीच राखलंय. पण नाव जरा फोडून बघा. माळावरचा ढोक. ढोक म्हणजे बगळ्यासारखा पक्षी, आपली ढोकरी त्यातलीच. म्हणजे उंच पाय, लांब मान बघून आपल्या लोकांनी त्याला बगळ्यांच्या घरात बसवला. आणि खरं सांगायचं तर शास्त्रज्ञांनी पण तेच केलं!

वर्गवारी करायची खोड माणसाला फार जुनी आहे. चरकसंहितेत जीव कशातून जन्मतो त्यावरून चार गट आहेत, जरायुज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं रक्त असलेले आणि नसलेले असे दोन भाग पाडले. मग १७५८ मध्ये स्वीडनच्या लिनियसनं सगळ्या प्राण्यांना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत लावली, शाळेच्या हजेरीत आडनाव आधी असतं ना तसंच, आधी जवळच्या भाऊबंदांच्या छोट्या गटाचं नाव मग त्याचं स्वतःचं. माळढोकाच्या युरोपातल्या भाऊबंदांना त्यानं लांब पायाच्या पक्ष्यांत टाकलं, बगळ्यांच्याच गटात.

आपल्या माळढोकाला १८३१ मध्ये व्हिगर्स या प्राणिशास्त्रज्ञानं नाव दिलं, ओटिस नायग्रिसेप्स. नायग्रिसेप्स म्हणजे काळ्या डोक्याचा, नराच्या डोक्यावर काळी टोपी असते ती. (त्याच वर्षी कर्नल साइक्सनं दख्खनमधल्या लांडग्याचं शास्त्रीय वर्णन केलं, त्यातलं पॅलिपेस हे नाव नान्नजच्या माळावरचा लांडगा आजही लावतो.) नंतर माळढोकाचं आडनाव बदललं, आता ते आर्डेओटिस आहे, आणि मला सगळ्यात जास्त आवडते ती गोष्ट हीच, आर्डेआ म्हणजे लॅटिनमध्ये बगळा, म्हणजे तिकडच्या पंडितानं आणि इकडच्या गुराख्यानं एकमेकांना न विचारता जवळपास एकच नाव ठेवलं!

१८५९ मध्ये डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं आणि मग प्रश्नच बदलला. दिसायला कसा आहे हे नाही, वंश कुणाचा हे बघायचं. तरी विसाव्या शतकात बहुतेक पुस्तकांत माळढोक क्रौंचांच्या, म्हणजे तशाच उंच पायांच्या पक्ष्यांच्या, गणातच (गण म्हणजे कुळांचा मोठा गट) राहिला. खरं तर त्याचा पाय नीट बघितला की शंका येतेच, तीनच बोटं, तिन्ही पुढं, मागचं बोटच नाही, म्हणून तो झाडावर बसत नाही, जे काय ते जमिनीवर, अंडं पण उघड्या माळावरच, एका वेळी बहुधा एकच.

शेवटी डीएनएनं निकाल लावला. २०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचे पूर्ण जीनोम, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए, ताडून बघितले, त्यात माळढोकाचं कुळ क्रौंचांपासून लांब निघालं आणि कोकिळा-पावशांच्या जवळ गेलं. आता त्यांचा गणच वेगळा धरतात. नाव मात्र तेच राहिलं, कारण नियमाप्रमाणे नावाचा अर्थ चुकीचा निघाला एवढ्यावरून ते बदलत नाही.

आमच्या घरामागं बोरीच्या झुडपाखाली रोज सकाळी एक भारद्वाज येतो, तांबडे पंख, लाल डोळे, उडण्यापेक्षा चालणंच जास्त. तो पण कोकिळेच्याच कुळातला. म्हणजे नान्नजला माळढोक दिसणं आता नशिबाची गोष्ट झाली असली तरी बगळ्यापेक्षा जवळचा त्याचा पाहुणा रोज दारात येतोय.