यकृताऐवजी रक्त: इन्सुलिनच्या रिसेप्टरचा शोध

मधुमेहाच्या कितीतरी रुग्णांच्या रक्तात इन्सुलिन पुरेसं, उलट जास्तच असतं, तरी साखर उतरत नाही. हे आकड्यांत दिसलं ते रोझलिन येलो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांमुळे. १९६० च्या सुमारास त्यांनी किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावलेलं इन्सुलिन वापरून रक्तातलं इन्सुलिन मोजायची पद्धत बसवली. माल दारात येऊन पडतो, पण आत घेणारा जागेवर नाही की काय, असा संशय मग बळावला.

हा 'घेणारा' म्हणजे पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर, आपला ग्राही. कल्पना जुनीच. केंब्रिजच्या लँग्ली या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने ती १९०५ साली मांडली होती, आणि इन्सुलिनसारख्या द्रव्यांसाठीचा 'हॉर्मोन' हा शब्दही स्टार्लिंग या दुसऱ्या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने त्याच वर्षी वापरात आणला. प्रत्यक्ष मोजणी मात्र १९७० नंतरची. अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत जेसी रॉथ यांच्या गटाने १९७१ साली उंदराच्या यकृतातल्या पेशींच्या आवरणावर इन्सुलिन चिकटतं हे दाखवलं. पण माणसाच्या यकृताचा तुकडा दर आठवड्याला कोण देणार? रक्त देतात. म्हणून १९७२ मध्ये जेम्स गॅव्हिन आणि सहकारी रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडे वळले.

प्रयोग तसा साधा. पेशींत खूण लावलेलं इन्सुलिन घालायचं, थंडाव्यात मुरू द्यायचं, नळी गरागरा फिरवून पेशी तळाशी बसवायच्या आणि त्यांच्यातला किरणोत्सर्ग मोजायचा. दुसऱ्या नळीत बिनखुणेचं इन्सुलिन भरमसाट ओतायचं. ते जागा अडवतं, आणि तरीही जी खूण पेशींना चिकटून राहते ती नुसती इकडेतिकडे लागलेली म्हणून वजा करायची. हाताशी उरते ती इन्सुलिनची रिसेप्टरशी झालेली खरी बांधणी.

गंमत पुढे आहे. रक्तातून काढलेल्या या पांढऱ्या पेशी बहुतेक लिम्फोसाइट या प्रकारच्या, म्हणून इन्सुलिन धरण्याचं श्रेय त्यांनाच गेलं. १९७५ मध्ये कळलं की इन्सुलिन धरत होत्या त्याच मिश्रणातल्या मूठभर मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार! माझ्या मते ही चूक फार शिकवणारी आहे: पेशी 'बहुतेक' कोणत्या आहेत यावरून काम कुणाचं ते ठरत नाही. मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या आयएम-९ या लिम्फोसाइटवर रिसेप्टर खरोखरच होते, आणि त्यांच्यावरच १९७४ साली दिसलं की इन्सुलिनमध्ये काही तास बुडवून ठेवलं तर रिसेप्टरची संख्याच घटते. लठ्ठ माणसांच्या पेशींवर बांधणी कमी आढळली होतीच. त्यांचा आहार कमी केल्यावर ती पुन्हा वाढली.

पुढे १९७७ च्या आसपास तांबड्या पेशींवरही मोजणी सुरू झाली. रक्त थोडं लागतं, पेशी मात्र अमाप मिळतात. पण ही पेशी साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट पाहतच नाही. शिवाय नव्या तांबड्या पेशीवर रिसेप्टर जास्त असतात आणि तिचं साधारण १२० दिवसांचं आयुष्य सरत जाईल तसे ते कमी होतात. म्हणजे रक्तस्रावानंतर कोवळ्या पेशी वाढलेल्या रुग्णाचा आकडा फुगतो, आणि त्याचा मधुमेहाशी काही संबंध नसतो.