लूथरची सुधारणा आणि ट्रेंटची सुधारणा: मुळात भांडण कशावरून होतं

मार्टिन लूथर, चर्चविरुद्ध उभा राहिलेला जर्मन मठवासी, सगळ्यांना माहितीये, त्यामुळे तो भाग पटकन उरकतो. १५१७, विटेनबर्ग, ९५ कलमं, क्षमापत्रं (पापाची शिक्षा कमी करणारी चर्चची पत्रं) विकत फिरणारा तेत्झेल, त्यातला निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटरच्या बांधकामाला आणि निम्मा फुगर सावकारांना, कारण आर्चबिशप आल्ब्रेख्तने माइन्झचं पद मिळवायला त्यांच्याकडून कर्ज काढलेलं. मग १५२१ ला पोपने बहिष्कृत केलं, वर्म्सच्या सभेत लूथरने शब्द मागे घ्यायला नकार दिला, पुढे १५२९ ला स्पायरच्या सभेत त्याच्या बाजूच्या राजांनी आणि शहरांनी निषेध नोंदवला त्यावरून प्रोटेस्टंट हे नाव पडलं. शाळेत झालंय, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही असतंच.

दुसरी बाजू मात्र एका ओळीत गुंडाळतात. प्रतिधर्मसुधारणा (लूथरला कॅथलिकांचं उत्तर), जेझुइट (कॅथलिक मिशनऱ्यांचा संघ), इन्क्विझिशन (पाखंडाची चौकशी करणारं चर्चचं न्यायालय), संपलं. खरं म्हणजे ट्रेंट या आजच्या इटलीतल्या शहरात भरलेली कॅथलिक बिशपांची धर्मसभा १५४५ ते १५६३ अशी मधे मोठे खंड पडत अठरा वर्षं चालली आणि आजचं कॅथलिक चर्च बऱ्याच अंशी तिथे घडलं. ही एक ओळ लिहिणारे लोक मग पुढचं वाक्य हमखास लिहितात आणि तेच वाचून वाचून मला वैताग आलाय: चर्च भ्रष्ट झालं होतं, लूथरने भ्रष्टाचाराविरुद्ध बंड केलं, म्हणून प्रोटेस्टंट झाले, आणि मग घाबरून कॅथलिकांनी थोडी साफसफाई केली. म्हणजे एक पक्ष सुधारणेचा आणि दुसरा भ्रष्टाचाराचा. हे चूक आहे आणि या एका चुकीमुळे पुढचं सगळंच उलटं समजतं.

भ्रष्टाचार वाईट यावर दोन्हीकडे एकमत होतं हो! लूथरचं नाव कोणाला माहीत नव्हतं तेव्हा स्पेनमध्ये कार्डिनल सिस्नेरोस मठांना शिस्त लावत होता. इरॅस्मस या डच विद्वानाने पाद्री आणि पोप यांच्यावर इतकं झोंबणारं लिहिलंय की लूथरच्या बऱ्याच समर्थकांनाही जमलं नसतं, आणि तो माणूस शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला. ट्रेंटने काय केलं तेही बघा, बिशपने आपल्याच धर्मप्रांतात राहायचं, एकाने अनेक बिशपपदं अडवून ठेवायची नाहीत, प्रत्येक धर्मप्रांताने पाद्री घडवायला सेमिनरी काढायची, आणि तेत्झेलसारख्यांचं क्षमापत्रं वाटत पैसा गोळा करायचं पदच १५६२ ला बंद. १५६७ ला पोप पायस पाचवा याने पैशाच्या बदल्यात दिलेल्या क्षमा रद्दच करून टाकल्या. भांडण जर पैशाचं असतं तर १५६७ ला मिटायला हवं होतं ना? उलट युरोपातल्या सगळ्यात भयंकर धार्मिक लढाया त्यानंतरच्या आहेत, तीस वर्षांचं युद्ध तर १६१८ ला सुरू झालं.

लूथरचं स्वतःचं म्हणणंही ऐका. १५२० मध्ये पोप लिओ दहावा याला लिहिलेल्या खुल्या पत्रात तो सांगतो की माझा कोणाशी वाद आहे तो आचरणावरून नाही, फक्त सत्याच्या वचनावरून आहे. त्या ९५ कलमांतलं ७१ वं कलम तर फार थोडे लोक वाचतात, त्यात तो म्हणतो की पोपने दिलेल्या क्षमेच्या सत्याविरुद्ध जो बोलेल तो शापित असो. म्हणजे १५१७ चा लूथर क्षमापत्रं ही कल्पनाच टाकून द्या असंही म्हणत नव्हता, दुरुपयोगाविरुद्ध बोलत होता, आणि तेवढंच असतं तर तो इरॅस्मससारखाच एक खडा टीकाकार म्हणून इतिहासात राहिला असता. १५२४ ला इरॅस्मसने त्याच्याविरुद्ध लिहिलं ते माणसाच्या स्वतंत्र इच्छेवर, आणि पुढच्या वर्षी उत्तर देताना लूथरने त्याचं चक्क कौतुक केलं, की बाकीचे पोप, शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होतो ती अवस्था), क्षमापत्रं असल्या किरकोळ गोष्टींवरून मला छळतात, तू एकट्याने थेट नरडं धरलंस. क्षमापत्रं किरकोळ! हे स्वतः लूथर म्हणतोय.

मग नरडं कोणतं? माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, हा प्रश्न.

इथे सावकाश वाचा, कारण गाडी इथेच घसरते. मठात असताना लूथर तासनतास कन्फेशन (पाद्र्यापुढे पापांची कबुली) करायचा आणि तरी त्याला खात्री वाटायची नाही. आपण सगळी पापं आठवून सांगितली का, पश्चात्ताप खरा होता की नुसती नरकाची भीती होती? पुढे बायबलमधल्या पौलाच्या पत्रांचा अभ्यास करताना तो या निष्कर्षाला आला की नीतिमत्ता माणसाच्या आत तयार व्हायचीच नसते, ती ख्रिस्ताची असते आणि विश्वास ठेवणाऱ्याच्या नावे धरली जाते. माणूस आतून पापीच असतो आणि त्याच क्षणी देवापुढे नीतिमानही असतो. ट्रेंटने १३ जानेवारी १५४७ च्या ठरावात सांगितलं की नाही, देव नुसतं नीतिमान म्हणत नाही, तो कृपेने माणसाला आतून खरोखर नीतिमान करतो, माणूस त्या कृपेला साथ देतो, ती नीतिमत्ता वाढू शकते आणि गंभीर पापाने गमावतासुद्धा येते, मग कन्फेशनमधून परत मिळते. ढोबळमानाने सांगायचं तर लूथरचं चित्र कोर्टाचं आहे, निकाल लागला, तुम्ही सुटलात. ट्रेंटचं चित्र दवाखान्याचं आहे, उपचार सुरू झाले, तुम्ही बरे होताय.

यावरून दोन्हीकडच्या लोकांबद्दल एकेक खोटी समजूत पसरलीये. पहिली म्हणजे कॅथलिक सत्कर्मं करून स्वर्ग कमावतात. ट्रेंटच्या त्याच ठरावाखालचा पहिला नियम उघडून बघा: ख्रिस्तामार्फत मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत असो. पहिलाच नियम! आणि खाली नवव्या नियमात, केवळ विश्वासानेच माणूस नीतिमान ठरतो, त्याने कृपेला साथ देण्याची काहीच गरज नाही असं जो म्हणेल तोही बहिष्कृत. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय कॅथलिक भूमिका कळतच नाही. दुसरी समजूत म्हणजे प्रोटेस्टंटांना चांगलं वागायची गरज नाही, विश्वास ठेवला की झालं. लूथरने १५२० मध्येच लिहिलंय की चांगली कर्मं माणसाला चांगला करत नाहीत, चांगला माणूस चांगली कर्मं करतो. कर्मं हवीतच, पण ती फळं आहेत, प्रवेश फी नाही.

आता कोणी म्हणेल एवढ्या बारीक फरकावरून युरोप फुटला? फुटला, कारण या फरकावर बाकीची सगळी इमारत उभी होती. निकाल आधीच लागलेला असेल तर मेल्यानंतर शुद्धिस्थान कशाला, शुद्धिस्थान नसेल तर मृतांसाठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) कशाला आणि क्षमापत्रं कशाला, ब्रह्मचर्याच्या शपथेने जास्त पुण्य मिळत नसेल तर मठ कशाला? लूथरच्या बाजूच्या राज्यांत मठ रिकामे झाले ते यामुळे. आणि खात्रीचा प्रश्न तर थेट समोरासमोर येतो. लूथर म्हणतो विश्वास म्हणजेच खात्री. ट्रेंट म्हणतं, देवाच्या दयेवर शंका घेऊ नका, पण मला कृपा मिळालीच आहे हे कोणी अचूक खात्रीने जाणू शकत नाही.

बायबल एकटं की बायबल आणि परंपरा, हा दुसरा मोठा मुद्दा, महत्त्वाचाच आहे पण त्यात लोकांचा गोंधळ फारसा होत नाही म्हणून सोडतो. फादर लग्न करत नाहीत पास्टर करतात, मारियेची भक्ती, चर्चमधले पुतळे, हे सगळे वरवरचे फरक. क्रूसावर येशूचा देह दिसला की कॅथलिक असं ठोकून देणाऱ्यांनी एखादं लूथरन चर्च आतून बघावं, बऱ्याच ठिकाणी देहासकट क्रूस असतो.

अजून एक, इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला यात घुसडू नका. पोपशी फारकत म्हणजे प्रोटेस्टंट हे समीकरण त्याच्यावरून आलंय आणि ते टिकत नाही. १५२१ मध्ये लूथरविरुद्ध लिहिल्याबद्दल त्याला पोपनेच धर्मरक्षक ही पदवी दिलेली. पोपला सोडल्यानंतरही, ३० जुलै १५४० ला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्याच्या राज्यात तीन प्रोटेस्टंटांना पाखंडी म्हणून जाळलं आणि त्याच दिवशी तिथेच तीन कॅथलिकांना राजाचं धर्मप्रमुखपद नाकारलं म्हणून राजद्रोही ठरवून मारलं.

आपल्याकडे हे दोन्ही प्रवाह वेगवेगळ्या शतकांत आले. फ्रान्सिस झेवियर हा जेझुइट मिशनरी गोव्यात उतरला १५४२ ला, म्हणजे ट्रेंटची सभा सुरू व्हायच्या आधी, त्यामुळे ट्रेंटची घाबरून केलेली प्रतिक्रिया म्हणजे गोव्यातलं मिशन हे गणित तारखांतच बसत नाही. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ ला आला, मूळचा प्रोटेस्टंट इंग्लंडचा, आणि त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण लिहिलं. अमेरिकन मराठी मिशनचे प्रोटेस्टंट लोक मुंबईत आले ते १८१३ ला, नगरला १८३१ ला. त्यामुळे वसईच्या आणि नगरच्या ख्रिस्ती घरांत फरक दिसतो तो फक्त पंथाचा नसतो, पोर्तुगीज सोळावं शतक आणि अमेरिकन एकोणिसावं शतक यांचाही असतो, आणि ते वेगळं ठेवून बघायला हवं.

१५४१ ला रेगेन्सबुर्गमध्ये दोन्हीकडचे पंडित बसले होते, प्रोटेस्टंटांकडून मेलांक्थन आणि ब्युत्सर, कॅथलिकांकडून योहान एक आणि ग्रॉपर, पोपतर्फे कार्डिनल कोंतारिनी. आणि नीतिमान ठरण्याच्या कलमावर त्यांचा मसुदा चक्क जमला! बोलणी मोडली ती ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली भाकर आणि द्राक्षारस) आणि चर्चचा अधिकार यांवर, आणि जमलेला मसुदा पुढे ना रोमला पटला ना लूथरला. मग ३१ ऑक्टोबर १९९९ ला औग्सबुर्गमध्ये लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्चने याच प्रश्नावर संयुक्त घोषणापत्र केलं, की गाभ्यात आमचं एकमत आहे आणि सोळाव्या शतकातले एकमेकांवरचे निषेध आज त्यात मांडलेल्या शिकवणीला लागू होत नाहीत. २००६ ला मेथडिस्ट हा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. तरी मिस्सात लूथरन माणसाला कम्युनिअन (म्हणजे ख्रिस्तप्रसाद) एरवी आजही मिळत नाही, कारण रेगेन्सबुर्गला अडलेले ते दोन मुद्दे, ख्रिस्तप्रसाद आणि अधिकार, अजून सुटलेले नाहीत.