केमो, मूत्रपिंड आणि लासलगावचा कांदा

सिस्प्लॅटिनची केमो असली की औषधाच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात, बरेचदा मॅग्नेशियम घालून. सोबतच्या माणसांना वाटतं, वेळ उगाच चाललाय. पण ती सलाईन मूत्रपिंडासाठी असते.

प्लॅटिनमपासून बनलेलं हे औषध १९७८पासून वापरात आहे आणि तोंड-घसा, फुप्फुस, गर्भाशयमुख अशा अनेक कॅन्सरवर आजही त्याचाच आधार घेतला जातो. ते लघवीवाटे बाहेर पडतं, आणि घात तिथेच होतो. मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशी ते आत ओढून घेतात. रक्तातल्यापेक्षा सुमारे पाचपट औषध तिथे साचतं. पेशीतली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढतात, दाह होतो, पेशी मरतात. जवळपास तिघांतल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाला कमीजास्त इजा होते.

आता नाशिककरांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. लाल कांद्यातलं क्वेर्सेटिन आणि द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेरॅट्रॉल यांनी सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांची मूत्रपिंडं बऱ्याच अंशी सावरली आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ, कमी चढलं, दाह उतरला. ही द्रव्यं पेशीची स्वतःची बचावयंत्रणा जागी करतात. संशोधन खरोखर आशादायक आहे.

पण हिशेब मांडून बघा. उंदरांना क्वेर्सेटिन बऱ्याचदा वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅम देतात. मोठ्या प्राण्याला किलोमागे कमी औषध पुरतं, म्हणून तसं माणसासाठी रूपांतर केलं, तर ६० किलोच्या रुग्णाला रोज पाचशेच्या आसपास मिलिग्रॅम लागेल. १०० ग्रॅम कांद्यात ३० मिलिग्रॅम धरलं, तर रोज दीड किलोहून जास्त कांदा! तोही बाहेरच्या पापुद्र्यांसकट, कारण क्वेर्सेटिन तिथेच जास्त. रेझव्हेरॅट्रॉलची तर आणखी पंचाईत: पोटात गेलेल्यापैकी एक टक्क्याहूनही कमी मूळ रूपात रक्तात पोचतं.

मग कॅप्सूल घ्यावी? मला याचीच जास्त काळजी वाटते. सिस्प्लॅटिन गाठीच्या पेशी मारतं, त्यातही त्या उपद्रवी रेणूंचा हात असतो. त्यांना आवरणारं द्रव्य भरपूर घेतलं, तर गाठीलाही आडोसा मिळू शकतो. हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. भाजीतल्या हळदीला, जेवणातल्या कांद्याला कुणी अडवत नाही. मात्र क्रिएटिनिन आधीच वाढलं असेल, तर नारळपाण्यासारख्या पोटॅशियमयुक्त गोष्टीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि घरात कुणी आणून ठेवलेल्या पावडरीची डबी पुढच्या केमोला सोबत न्या, त्यावरची घटकांची यादी त्यांना वाचू द्या.